अकरा सेकंदांचे सुदाम गायधनी

दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं
आणि चॅनेलच्या मुलीनं विचारलं,
काका, पाणी कुठपर्यंत आलंय?
पप्पा म्हणाले,
'मारुतीला विचारा, दोन तोंडं त्याला आहेत.
मी आत्ताच आलोय.'

एवढंच.
डोक्यावर खताची गोणी, खोळ करून घेतलेली,
एक कान बाहेर,
गालात तंबाखू.

दुपारी सिडकोत पोचले, रात्री कोल्हापुरात.
सकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर
साहेबांनी टाकले, खाली हसून रडणारी सात तोंडं.
मीही एक टाकलं.
काय करणार.

मग ते सगळीकडे आत्ताच यायला लागले.
पेपर फुटला, आत्ताच आलोय.
दूध उतू गेलं, नवरा म्हणतो, आत्ताच आलोय.
कुणी मागून ढोल लावला,
कुणी त्यांना चंद्रावर उभं केलं,
चंद्रावरही तीच गोणी.
शेवटी स्टिकर झाले,
अंगठ्याएवढे पप्पा,
दाबले की मान तिरकी करणारे.

पेठ रोडच्या सलूनवाल्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत.
भाजीवालीनं मेथीची जुडी वर टाकली.
सातपूरच्या एका मोटारपंपवाल्यानं
उद्घाटनाला बोलावून शाल दिली.
घरी येऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली.
'नायलॉनची आहे. पण मोठी आहे.'

आता घरातलं सांगते.
ते आत्ताच आले नव्हते.
भोंगा वाजला पहाटे साडेतीनला,
तेव्हापासून गंगेवरच होते,
आधी मांडीभर, मग कमरेभर पाण्यात,
हातगाडीच्या साखळीला झोंबत.
कुलूप गंजलेलं. किल्ली आत जायची, फिरायची नाही.
गाडीवर तांब्याच्या लोट्या,
तोंडाला डाख दिलेल्या, यात्रेकरूंनी घरी न्यायच्या,
ऐंशीएक असतील.
पहाटे पाच-सव्वापाचला
गंगाजल गंगेत गेलं.
साखळी तेवढी राहिली खांबाला.

मग खोटं कशाला बोललात, मी विचारलं.
'अगं, ती पोर छत्री उलटी होऊन भिजत होती.
खरं सांगितलं असतं
तर कसं वाटतंय म्हणून विचारलं असतं तिनं.
कसं वाटतंय ते मला तरी कुठं ठाऊक होतं?'

दिवाळीपर्यंत एका मांजरानं त्यांची जागा घेतली.
पेटीवर बसून शिंकायचं ते. चांगलं होतं मांजर,
मीही चौघांना पाठवलं.

पप्पांना कुणी कळवलं नाही.
नवी गाडी उसनवारीवर उभी केली
तेव्हा सुरतेचं एक जोडपं आलं,
लोटी केवढ्याला म्हणालं.
पप्पांनी मान तिरकी केली, गालातून म्हणाले,
'मारुतीला विचारा, मी आत्ताच आलोय,'
आणि थांबले, हशापुरतं.
जोडप्यानं पलीकडच्या दुकानात विचारलं.

यंदा पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंतच.
काठीला फोन बांधलेला एक पोरगा आला,
त्यानं त्यांना ओळखलं नाही.
काका, कधीपासून उभे आहात?

पप्पा म्हणाले, 'गेल्या वर्षीपासून.'
पोरगा खूश झाला, म्हणाला, भारी, अजून एकदा.
पण पप्पा पुढे गेले होते,
भोंग्यापर्यंत, साखळीपर्यंत,
लोट्या एकमेकींवर कशा वाजत गेल्या तिथपर्यंत.
पोरानं फोन हळूहळू खाली केला.
'काका, एवढं नाही बसत हो.'

'नाही बसणार,' पप्पा म्हणाले,
आणि खिशात हात घातला.
ती किल्ली अजून त्यांच्याकडे आहे.
पोराच्या तळव्यावर ठेवून त्यांनी दात्यांवर बोट ठेवलं:
इथं अडायची बघ. इथं.